बर्लिनमध्ये हळीव मिळतं

बर्लिन, २ एप्रिल

संघाच्या बाबांना,

जय भीम. 'सप्रेम' मुद्दाम लिहिलेलं नाय. विसरले असं समजू नका.

तुमी फोन उचलत नाय म्हणून हा कागद. मोबाइलवर लिहिलं असतं तर चष्मा शोधायच्या कंटाळ्याने तुमी ते शेजारच्या दिशाला वाचायला दिलं असतं. दिशाने वाचलं की तिच्या आईने, कमळाबाईने ऐकलं, आणि कमळाबाईने ऐकलं की अख्ख्या वैशाखरे गावात कोणाचं ऐकायचं राहात नाय. कागद मात्र तुमी स्वतः वाचता. भजी बांधून आणलेला पेपरसुद्धा उलगडून वाचता, तर बायकोचं पत्र वाचाल अशी आशा आहे.

वर 'संघाच्या बाबांना' वाचून कपाळाला आठी घातली असेल. मला मुलगी नाय, असं तुमी तीन वर्षं घोकताय. पण संघरत्ना झाली तेव्हापासून मी तुमाला याच नावाने हाक मारतेय. या वयात दुसरं नाव शोधत बसायला मला वेळ नाय.

निघताना तुमी बोललात, "जायचं तर जा, मला विचारू नको." मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पोरीचं पहिलं बाळंतपण आहे. ते तुमी करणार होतात का?

पोचले. संघा विमानतळावर आली होती. पोट एवढं पुढे आलंय आणि माझी बॅग ओढायला धावते. मी तिला तिथंच बोलले, "गो, मी बाळंतपणाला आलेय की तू माझ्या?" घर चौथ्या माळ्यावर, लिफ्ट नाय. एवढ्या मोठ्या देशात लिफ्ट नाय. ती रोज चढते-उतरते. दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स आहे, आता सुट्टीवर आहे.

दुसऱ्या दिवशी मला दुकानात नेलं. तुमाला सांगते, मुरबाडच्या बाजारात मी कोणाला हार गेलेली नाय, पण इथं रडकुंडीला आले. ट्रॉली साखळीने बांधलेली, नाणं घातल्याशिवाय सुटत नाय. आत कोणी "काय हवं, ताई?" विचारत नाय. आपणच शोधायचं. हे कमी होतं म्हणून गल्ल्यावर एक बाई बसलेली, ती सामान यंत्रावरून असं फेकते की आपल्या अंगणात कोंबड्यांना दाणे फेकतात तसं. पिशवी आपण आणायची, भरायचं आपण, आणि भरताना मागचे लोक आपल्याकडे असे बघतात जशी काय त्यांची शेवटची एसटी सुटतेय. मी टोमॅटोवर दुधाची बाटली ठेवली. संघा बोलली, "आई, घाई नको करू." अशी कशी नको करू? अख्खी रांग माझ्यावर डोळे वटारून उभी.

जावई कामासाठी बाहेरगावी गेलाय, असं संघा सांगते. जावई हा शब्द वाचून कागद फाडू नका. पुढं अजून पत्रं येणार आहेत.

वंदना

बर्लिन, ११ एप्रिल

संघाच्या बाबांना,

दिशा फोनवर बोलली की तुमी जेवता, दाढी करता आणि विहाराच्या पायरीवर पेपर घेऊन बसता. म्हणजे माझ्यावाचून काय अडलेलं नाय. बरं आहे.

इथं माझं मात्र सगळं अडलंय. बाळंतिणीला काय काय लागतं ते तुमाला ठाऊक नसणार, कारण माझ्या वेळी तुमी मुरबाड डेपोत माळशेजच्या गाडीवर ड्यूटी लावून घेतली होती. मला नाचणी हवी, हळीव हवं, सुकट हवी. संघा बोलली, "सगळं मिळतं आई, मोठं शहर आहे." मोठं आहे, पण एका दुकानात काय मिळेल तर शपथ.

आधी गेलो इंडियन दुकानात. गाडी बदलून, मग चालत. नाचणीचं पीठ मिळालं, पाकीट उघडून बघते तर आत अळ्या. परत द्यायला गेले तर तो पोरगा हिंदीत बोलला, "आंटी, पाकीट खोल दिया, अब वापस नहीं होगा." खोलल्याशिवाय अळ्या दिसतील कशा? त्याला मी चांगलं ऐकवलं, हिंदीत जेवढं येतं तेवढं आणि पुढचं मराठीत. त्याने दुसरं पाकीट दिलं.

भाजीसाठी तुर्की लोकांचं दुकान धरलंय. तिथं मेथीची जुडी मिळते, भेंडी मिळते, वांगी तर आपल्या भरताची. दुकानदाराची आई खुर्ची टाकून दारात बसते. तिला मराठी येत नाय, मला तिची भाषा येत नाय. तिने संघाच्या पोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन मूठभर खारका आणून माझ्या पिशवीत टाकल्या. या शहरात मला समजलेलं हे पहिलं बोलणं.

हळीव कुठंच नव्हतं. मी संघाला बोलले, हळीव न घेता आले ही माझीच चूक. तिने मोबाइलमध्ये शोधलं आणि हसायला लागली. इथले लोक हळीव कापसावर पेरतात, हिरवा कोंब आला की कातरतात आणि पावावर टाकून खातात. म्हणून ते किराणा दुकानात नसतं, फुलझाडांच्या दुकानात बियांच्या पाकिटांत असतं. गेलो तिथं. कुंड्या, खुरपी, मातीच्या गोण्या, आणि एका कोपऱ्यात आपलं हळीव. मी होती तेवढी पाकिटं टोपलीत टाकली. ते खायचंच बी आहे ना, हे आधी विचारून घेतलं हं. दुकानातली बाई संघाला काय तरी बोलली. संघाने सांगितलं, ती विचारते, एवढी पाकिटं, बाग केवढी आहे? आणि संघाने तिला उत्तर दिलं होतं, "बाग नाय, आई आहे."

पोरीला असं हसताना मी आल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

एक गोष्ट लिहू की नको, ठरत नाय. दाराशी चपलांची मांडणी आहे. तिच्यात एकाही पुरुषाचे बूट नायत. बाथरूममध्ये दाढीचं सामान नाय. बाहेरगावी गेलेला माणूस सगळे बूट घेऊन जातो का? मी विचारलं नाय. ती रात्रंदिवस माझ्याबरोबर आहे आणि मला विचारता येत नाय. तुमच्या घरात राहून राहून न बोलायची सवय लागलीय.

वंदना

बर्लिन, २३ एप्रिल

संघाच्या बाबांना,

हे पत्र घरात बसून वाचा. विहाराच्या पायरीवर नको.

चौदा तारखेला जयंती घरीच केली. संघाची मैत्रीण दिपिका आली होती. शहापूरची आहे, हिच्याच दवाखान्यात नर्स. बाबासाहेबांचा फोटो, समोर मेणबत्ती लावायची, तर साधी पांढरी मेणबत्ती मिळेना. दुकानात मेणबत्त्यांची अख्खी भिंत आहे, पण कसली, तर संत्र्याच्या वासाची, दालचिनीच्या वासाची. शेवटी दिपिकाने कुठून तरी आणली.

मग यांचा ईस्टर आला. शुक्रवारी दुकानं बंद, रविवारी बंद, सोमवारी बंद. एरवीसुद्धा रविवारी बंदच. सगळं गाव मोकळं असतं त्याच दिवशी कुलूप. घरात दूध संपलं आणि मी मोठ्या बाजारपेठेच्या शहरात दुधासाठी बंद दारं बघत हिंडले.

पण सांगायचं ते हे नाय. सांगायचं ते काल झालं.

काल आमी पाळणा घ्यायला गेलो. घरसामानाचं एक अवाढव्य दुकान आहे गावाबाहेर. त्यात जमिनीवर बाण काढलेत. बाणामागून चालायचं. मला पाळणा हवा, पण पाळण्याकडे सरळ जाता येत नाय. आधी सगळ्यांचे सोफे बघा, मग स्वयंपाकघरं बघा, मग दिवे बघा. मी बोलले, "ही काय जबरदस्ती, मला नको असलेलं मी का बघू?" संघा दमली होती, चिडचिड करत होती. मी पण. शेवटी पाळणा सापडला तर तो तयार मिळत नाय. लाकडाच्या फळ्या आणि स्क्रू खोक्यात देतात, घरी नेऊन आपण जोडायचा. मी बोलले, "असू दे. हर्षित आला की जोडेल. त्याला फोन कर, कधी येतो विचार."

तिथं बेडरूम मांडून ठेवल्या होत्या, खऱ्यासारख्या. पलंग, उशा, भिंतीवर फोटो. संघा त्यातल्या एका पलंगावर बसली. मला वाटलं कळा सुरू झाल्या.

"काय झालं गो? दुखतंय?"

"तो येणार नाय, आई."

"आज नाय तर रविवारी येईल."

"आई, तो जानेवारीत कल्याणला गेला. घरी. परत येणार नाय."

माणसं बाणामागून जात होती, आमच्याकडे बघत होती. एक बाई तर पलंगाची किंमत बघायला वाकली, ती आमी बसलो होतो तरी वाकली. मी संघाच्या बाजूला बसले आणि तिने सगळं सांगितलं. लग्न केलं तेव्हा हर्षित बोलला होता, घरच्यांचं मी बघून घेईन. बघून घेणं म्हणजे काय, तर त्यांना सांगायचंच नाय. दिवाळीत त्याच्या आईला कळलं, मुलगी कोण, कुठली, कोणाची. तिने निरोप धाडला, एकटा येत असशील तर ये. हा एकटा गेला. पंधरा दिवस बोलून गेला. नंतर फोन आला, की आईची तब्येत बरी नसते, बाळ झालं की बघू. मग तोही फोन बंद.

तुमी तेव्हा बोलला होतात, "त्या घरात हिला पाहुणी म्हणूनसुद्धा पाट मिळणार नाय." तुमचा राग लग्नाचा कमी आणि त्याचा फोटो तुमाला मुरबाडच्या स्टँडवर दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये बघायला मिळाला त्याचा जास्त, हे मला ठाऊक आहे. पण बोललात ते खरं झालं. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुमी समजणार नाय. तुमी बरोबर होतात, झालं? आता त्यावर एक शब्द बोलू नका.

संघा बोलली, "बाबांना सांगू नको." मी सांगतेय, कारण हे सगळं एकटीने पोटात ठेवून मी या घराचे चार माळे चढू शकत नाय. पण गावात कोणाला कळता कामा नये. कमळाबाईला नाय, त्या टोमणेबाज धर्माला नाय, कोणाला नाय. आणि कल्याणला जाऊ नका. गेलात तर तुमी काय कराल ते मला माहिती आहे, आणि त्याने काय होणार नाय तेही माहिती आहे.

खोकं आमी घेऊन आलो. टॅक्सीच्या ड्रायव्हरने खाली टाकलं आणि गेला. चौथ्या माळ्यावर फळ्या एक एक करून मी चढवल्या.

वंदना

बर्लिन, ३० एप्रिल

संघाच्या बाबांना,

मुलगी झाली. दिशाने तुमाला सांगितलंच असेल, मी आधी तिलाच फोन केला, कारण तुमी तो उचलत नाय. दोघी बऱ्या आहेत. नाव सुजाता. इथल्या नर्सा 'झुयाता' म्हणतात, मी रोज सुधारते, त्या रोज 'झुयाता' म्हणतात.

दवाखान्यात बाळंतिणीला सकाळी काय दिलं, तर थंडगार पाव आणि चीज. मी डबा घेऊन गेले होते म्हणून बरं. एक चांगलं आहे. औषधाच्या दुकानात बाळंतिणीसाठी म्हणून चहा विकतात, घरी आणून बघितला तर बडीशेप आणि ओवा-जिऱ्यासारखं काय तरी. आपलंच सगळं, खोक्यात घालून.

सुकट पण मिळाली. दिपिका मला व्हिएतनामी लोकांच्या बाजारात घेऊन गेली, एकेक गोदाम आपल्या भाताच्या गोदामाएवढं. तिथं जवळ्याचा ढीग बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आणून भाजली तर खालच्या माळ्यावरचा माणूस वर आला, नाक धरून. काय जळतंय का विचारायला. संघाने त्याला समजावलं. त्याच्या चीजचा वास जिन्यात येतो तेव्हा आमी जातो का विचारायला?

पाळणा दिपिकाने आणि मी जोडला. एक स्क्रू उरलाय. तो कुठला ते कळत नाय. पाळणा हलवून बघितला, घट्ट आहे.

तुमी काय तरी लिहा. नायतर लिहू नका, पण पोरीला एक फोन करा.

वंदना

बर्लिन, १४ मे

संघाच्या बाबांना,

आज मी तुमच्यावर इतकी चिडलेय की पेन कागदातून आरपार जाईल.

सकाळी कमळाबाईचा फोन. आवाज असा, जसं काय कोणी गेलंय. "काय गो वंदना, पोरीचं असं व्हावं. आता पुढं काय करणार ती बिचारी?" मला वाटलं, ती अंदाज घेतेय. तर बोलली, "नामदेवरावांनीच सांगितलं विहारात, बुद्धपौर्णिमेला. सगळ्यांसमोर."

मी तुमाला एक गोष्ट मागितली होती. एकच. कोणाला सांगू नका. घरात बसून वाचा असं लिहिलं, ते तुमी घरात बसून वाचलं आणि विहारात जाऊन बोललात? तीन वर्षांपूर्वी तुमाला लोकांकडून कळलं म्हणून तुमी पोरीला तोडलं. आता तुमीच लोकांना सांगितलंत. मग तेव्हाचा राग कसला होता? संघाला अजून बोलले नाय मी. ती बाळाला पाजतेय, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून भांडी आदळतेय. तिला वाटतंय मी त्या खालच्या माणसावर चिडलेय.

त्याच दिवशी, चार वाजता

वरचं लिहिलेलं खोडत नाय. वाचा, तुमची लायकी तेवढीच आहे. पण पुढचं पण वाचा.

दिशाचा फोन आला होता. मी बाळाचे कपडे वाळत घालत होते, म्हणून संघाने उचलला आणि स्पीकरवर टाकला. मी धावले, पण तोवर ती बोलायला लागली होती. "ताई, आईने सकाळी काय तरी उलटंपालटं सांगितलं असेल. मी तिथं होते, मी सांगते."

तिने सांगितलं ते असं. बुद्धवंदना झाली, तुमी मुरबाडहून आणलेले पेढे घेऊन उठलात. नात झाली म्हणून. धर्मा मागून बोलला, "नामदेवराव, जावईबापूंनी नाय का पाठवले पेढे?" चार जण हसले. तुमी पुढं गेलात आणि माइक हातात घेतलात. आणि बोललात, "जावई सोडून गेला. माझी मुलगी तिथं नोकरी करते आणि नात आमची आहे. उद्यापासून कोणी स्टँडवर कुजबुजायचं नाय. ज्याला जे विचारायचंय ते त्याने आता विचारावं, मी उभा आहे." कोणी काय विचारलं नाय. मग म्हातारी जानकीबाई खालून बोलली, "पोरीचं नाव काय ठेवलं ते तरी सांग रे," आणि तुमी सांगितलंत, सुजाता, आणि पेढे वाटायला लागलात. धर्मालाही दिलात.

संघा ऐकत होती. बाळ तिच्या खांद्यावर. ती बोलली, "दिशा, काय बोलले बाबा? परत सांग."

"जावई सोडून गेला, बोलले."

"ते नाय. त्याच्या पुढचं."

"माझी मुलगी तिथं नोकरी करते."

"असंच बोलले? माझी मुलगी?"

"हो ताई. माइक होता. सगळ्यांनी ऐकलं."

संघाने बाळ माझ्या हातात दिलं आणि तुमाला फोन लावला. मी बोलले, "उचलणार नायत ते." तुमी पहिल्या घंटेला उचललात. माझे एवढे फोन वाया गेले, तो फोन खिशातच होता म्हणजे.

मग तुमचा आवाज आला, "तिकडे रविवारी दुकानं बंद असतात ना? दूध शनिवारीच आणून ठेवत जा."

संघा रडायला लागली. मी पण. पण मी जरा रागाने.

वंदना

बर्लिन, ५ जून

संघाच्या बाबांना,

आता फोन रोज येतो. मी उचलला तर तुमी विचारता, "संघा कुठं आहे?" मी कशी आहे, हे विचारायचं राहून जातं. चालू द्या.

कल्याणचं मला संघाकडून कळलं. हर्षितच्या बातमीचं पत्र मिळालं त्या दिवशी तुमी मुरबाडला जाऊन कल्याणच्या गाडीत बसला होतात. तुमच्याच डेपोतला कंडक्टर आला, बोलला, "काका, कुठलं देऊ?" आणि तुमच्या तोंडातून कल्याण निघेना. उतरलात आणि पेढेवाल्याकडे गेलात. हे तुमी तिला सांगितलंत, मला नाय. बरं केलंत उतरलात ते.

पण आता दुसऱ्या गोष्टीवरून माझं डोकं फिरलंय. मी ठरवलं होतं, संघाला आणि बाळाला घेऊन यायचं. मागची खोली रिकामी आहे, मुरबाडला कुठल्या तरी दवाखान्यात तिला नोकरी मिळेल. मी तिला बोलले तर ती बोलली, "आई, मी नाय येणार. माझं काम इथं आहे. दिपिका रिकाम्या खोलीत राहायला येतेय, दोघींच्या ड्यूट्या आमी वाटून घेऊ." मी बोलले, "बाबांना विचारू." मला खात्री होती तुमी माझ्या बाजूने बोलाल. पोरीला घरी आणा, असंच कोणताही बाप बोलेल.

आणि तुमी काय बोललात? "तिथंच राहू दे."

तीन वर्षं तुमी दोघं भांडलात, मी मधे उभी राहिले, दोघांचं ऐकलं. आता तुमचं दोघांचं जमलं आणि मी एकटी पडले. हा कुठला न्याय?

तुमी फोनवर बोललात ते मी दोन दिवस चघळतेय. "मी जन्मभर त्या स्टँडवर उभा होतो, वंदना. विहारात कोणी विचारलं नाय, पण तिला विचारतील. भाजी घेताना विचारतील, एसटीत बसली की विचारतील. तू सांग, तिथल्या दुकानांत तिला कोणी विचारतं का?"

त्याचं उत्तर मी आज देते.

ती गल्ल्यावरची बाई अजून तशीच सामान फेकते. काल मी बाळाला पोटाशी बांधून गेले होते, तरी फेकलं. अंडी मी कशीबशी झेलली. पण तिने एकदाही विचारलं नाय, बाळाचा बाप कुठं आहे. तुर्की दुकानातल्या म्हातारीने बाळाला हातात घेऊन वजन किती ते हाताने जोखलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, अजून खायला घाल बोलली असेल. फुलझाडवालीने विचारलं, बी उगवलं का. बाकी कोणी काय विचारत नाय. पहिले दोन महिने मला याचाच राग येत होता.

मी हो म्हटलेलं नाय. नाय म्हणायचं मात्र थांबवलंय.

वंदना

बर्लिन, १९ जून

संघाच्या बाबांना,

सोमवारी निघते. हे पत्र माझ्यानंतर पोचेल. इथलं पोस्ट म्हणजे सिगारेटच्या दुकानातला एक कोपरा, तिथला माणूस आता मला ओळखतो, माझा कागद बघितला की तिकीट काढून ठेवतो. त्याला सांगितलं, हे शेवटचं. कळलं की नाय कोण जाणे.

आज संघा बाळाला घेऊन एकटी दुकानात गेली. मी बोलले, मी येते. ती बोलली, "नको आई. सोमवारनंतर तू नसशील." मी खिडकीत उभी राहिले. बाळाची गाडी खालच्या माणसाने जिन्यातून उतरवून दिली, तोच नाक धरणारा. मग ती झाडांखालून कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली. मी तिथंच उभी. भात लावला होता, तो करपला, वास आला तेव्हा कळलं.

परत आली ती घामाघूम. पिशवीत सगळं होतं, मीठ सोडून. मी पाठवलं होतं मिठासाठीच. दोघी एकमेकींकडे बघत बसलो आणि मग हसत सुटलो. करपलेला भात अळणी खाल्ला.

तिला सोडून यायचंय. कसं यायचं ते मला माहिती नाय. तिकीट आहे म्हणून येतेय.

विमानतळावर वेळेत या, इकडेतिकडे चहा पीत बसू नका. गाडीत तुमी मला काय काय विचाराल, मी तुमाला सगळी दुकानं सांगेन, आणि मुरबाड येईपर्यंत आपण कशावरून तरी भांडू. हे पत्र नंतर कधी तरी येईल. मी मागच्या दारी भांडी घासत असेन तेव्हा वाचा, आणि वाचलं असं मला सांगू नका, कारण यातलं एक मी तोंडावर बोलणार नाय.

विहारात तुमी उठून उभे राहिलात तेव्हा मी तिथं बायकांच्या रांगेत बसलेली असायला हवी होते. सगळं गाव बघत होतं आणि मी नव्हते. याचा मला फार राग आहे, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाय.

सप्रेम,
वंदना